सोन्याचा दोरा

कंपूच्या उतारावर, चुन्याच्या वखारीसमोर,
रावजीकाका डफळे एकोणीस वर्षं बसून आहेत.
डाव्या कानामागे, कवटीत, हरभऱ्याएवढं लोखंड.
जयारोग्यचे डॉक्टर तेव्हा म्हणाले होते :
काढलं तर जाल. राहू दिलं तर राहाल.
फक्त धावायचं नाही, ओझं उचलायचं नाही,
और सुभेदारसाहब, गुस्सा बिलकुल नहीं.

तेव्हापासून घरात भांडीसुद्धा हळू वाजतात.
दुधात पाणी असलं तरी आम्ही दूध छान म्हणतो.

दुपारी मी त्यांना वाचून दाखवते.
पेपर नाही. पेपरात राग असतो.
यंदा आणली आयर्लंडच्या एका जुन्या राजाची गोष्ट.

त्याच्या डोक्यात एक गोळा रुतला होता,
मेलेल्या वैऱ्याच्या मेंदूत चुना मळून वाळवलेला.
वैद्य म्हणाला, काढला तर राजा मरेल,
ठेवला तर विद्रूप दिसेल.
प्रजा म्हणाली, दिसू दे.
केस सोनेरी, म्हणून जखम सोन्याच्या दोऱ्याने शिवली.
मग घोडा बंद, धावणं बंद, संताप बंद.
सात वर्षं राजा बसून राहिला,
काठोकाठ भरलेलं पातेलं मांडीवर घेतल्यासारखा.

काका हसले. "मला काळा नायलॉन घातला."
मग वखारीकडे बघत :
"इतका टिकला म्हणजे चुना कळीचा असणार."

मी पानं मागे उलटली. नको होती उलटायला.
हाच राजा, बरा असताना,
पळून गेलेल्या तीन भावांना निरोप धाडतो :
परत या, अभय आहे.
ते समुद्र ओलांडून आले, शब्दाच्या भरवशावर.
शब्द दारातच मोडला. तिघं तिथेच पडले.

काका हसले नाहीत.
अण्णाकाकांचं नाव आमच्याकडे कोणी घेत नाही.
त्यांना उज्जैनहून दिवाळीला जेवायला बोलावलं होतं,
आणि ताटाशेजारी, श्रीखंडाच्या वाटीला लागून,
कागद होता, अंगठ्याचं पॅड उघडून ठेवलेलं.

"शेवट वाच."

शेवट असा, की एका दुपारी अंधारून आलं.
राजाला कळलं, दूर कुठल्या परक्या मुलखात
एका निरपराध माणसाला खिळे ठोकून मारतायत.
तो उठला. तलवार उपसून रानात शिरला,
दिसेल ते खोड तोडत सुटला.
गोळा निखळला. राजा संपला.

बराच वेळ पंखाच बोलत होता.
मग काका म्हणाले, "झाडांचं काय चुकलं होतं?"

जेठाच्या लूमध्ये, चार दिवसांनी,
खाली खरबूजवाल्या पोराला तिघं मारत होते.
हातगाडी उलटी. रस्त्यावर गर, बिया, माश्या.
खिडक्या लागल्या. आमचीही मी लावत होते.
काका उठले.
अकरा पायऱ्या, कठड्याला धरून, एक एक.
चपला घातल्या. डावी आधी, नेहमीप्रमाणे.
पोराच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले,
काही न बोलता, हात मागे बांधून,
जणू रेशनच्या रांगेत आहेत.
एकाने शिवी दिली. दुसऱ्याने घड्याळ बघितलं.
शेवटी ते गेले, कशामुळे ते मला अजून कळलेलं नाही.

वर आल्यावर कानामागे बोट फिरवून बघितलं.
"आहे," म्हणाले.
फुटकं एक खरबूज विकत आणलं होतं, पूर्ण पैसे देऊन.
अगदी बेचव. सालीपर्यंत खाल्लं.

मग हात पुसत, माझ्याकडे न बघता :
"उज्जैनचा पिनकोड काय गं?"