पंचवीस वॅट

शिवडीला, बंद गोदामाच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये
मी गाड्यांना बोलायला लावते.
तेवीस झाल्या. ही चोविसावी:
ट्रस्टची रुग्णवाहिका, सेकंडहँड,
आधी कुणा केटररची होती,
स्ट्रेचरखाली अजून जिऱ्याचा वास.

पहिलं भोक छताला.
मधोमध. फितीने मोजायचं, पेन्सिलीची फुली मारायची,
मग ड्रिल हातात धरून उगाच जरा थांबायचं.
मालक या वेळी तोंड फिरवतो,
लेकीचे कान टोचताना बाप फिरवतो तसं.

कडेला लावशील तर एकाच बाजूला ऐकू जाईल,
तांडेल मिस्त्री म्हणायचे.
माहुलचे. बापाच्या होडीवर वाढलेले,
उजव्या कानाने ठार बहिरे,
तरी सेटमधली कुईं आल्टरनेटरची की पंपाची
ते डाव्याने सांगायचे, तोंडातली बिडी न काढता.

वायर थेट बॅटरीवरून.
दोन्ही तारांना फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतरात.
लायटरच्या भोकातून करंट घेणाऱ्यांचं
नावसुद्धा त्यांनी शेडमध्ये काढू दिलं नाही.
आणि अर्थ.
अर्थाची तार रंगावर कसायची नाही.
खरवड, खालचा पत्रा चकाकेपर्यंत खरवड,
वरवरच्या रंगाला अर्थ लागत नाही, पोरी.
म्हणायचे आणि एकटेच हसायचे.
मला हसू आलं तीन वर्षांनी, एका टँकरच्या खाली.

अँटेना दोन विती, दोन बोटं.
कापताना केसभर कमीच कापायची.
मीटरचा काटा दीडच्या खाली आला की बास.
आणि अँटेनाशिवाय बटण कधीही दाबायचं नाही:
पंचवीस वॅटला बाहेर जायला वाट नसली
की ते आतच माघारी येतात, आणि जाळतात.
हे मी घरी आईला सांगितलं.
ती पोळ्या लाटत होती.
हं, म्हणाली.

शिकवणं शेवटी. परकार ड्रायव्हर बसतात,
चष्मा कपाळावर, माइक सोड्याच्या बाटलीसारखा धरून.
दाबा. एक श्वास थांबा. मग बोला.
तुम्ही बोलताय तोवर समोरचा ऐकू येणार नाही,
दोघांनी एकदम बोलायची इथे सोय नाही.
घरी तरी कुठाय, परकार म्हणतात.

मग मी त्यांना वडाळ्याचं सांगते.
मागचा मार्च. सतरावी गाडी, माझ्याच हातची.
सेट चोख, काटा सव्वावर.
ड्रायव्हर म्हणाला, वडाळ्याचा रस्ता मोकळा नाही.
म्हणता म्हणता गिअर टाकायला बोट उचललं.
कंट्रोलला घोसाळकर बाईंनी ऐकलं,
वडाळ्याचा रस्ता मोकळा.
रजिस्टरात तसं लिहिलंय, सुवाच्य.
मागची गाडी त्याच रस्त्याने पाठवली.
तिच्यात कोण होतं मला कुणी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
बेचाळीस मिनिटं, एवढं कळलं.

आपल्या भाषेत नकार शेवटी येतो.
सेट मलेशियात बनलेला,
त्याला हे कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून आता प्रत्येक माइकवर मी पट्टी चिकटवते,
काळ्या मार्करने:
नाही संपेपर्यंत बोट ठेवा.
परकार वाचतात, हसतात,
मग हसायचे थांबतात.

चाचणीला फ्रीवे. बोगद्यात आवाज जातो.
जाणारच. भोक पाडलं तरी डोंगर तो डोंगर.
पांजरपोळला बाहेर पडतो तशी खरखर,
खरखरीतून घोसाळकर बाई:
चोवीस, रस्ता कसा आहे?
मोकळा, की मोकळा नाही?
आता त्या दोन्ही विचारतात.

परकार दाबतात. श्वास थांबतात.
मोकळा, म्हणतात. मोकळा आहे.
आणि बोट तसंच ठेवून बसतात,
एक सिग्नल, दुसरा सिग्नल,
शहरभर जातोय नुसता आमच्या इंजिनचा आवाज,
स्ट्रेचरची सैल कडी वाजतेय ती,
आणि मी म्हणते,
सोडा आता, त्यांनाही बोलू द्या.