शिंगाची रेघ

दिवाळी सरली आणि गुजरीतल्या ओसवालांच्या पोरानं
गाडी आणली. आणली म्हणजे, आली.
मी पुट्टी कालवत होतो, मागं वळलो
तर दारात उभी,
पत्ता चुकलेल्या पाहुण्यागत गप्प.

उद्यमनगरात तीस वर्षं पत्रा ठोकतोय.
आधी गाडीचं तोंड बघायचं, ही आमची रीत.
हिला तोंडच नाही.
जाळीच्या जागी गुळगुळीत कातडं
आणि ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत दिव्याची एकच पट्टी,
झोपलेल्याच्या दोन्ही भुवया कुणी जोडून टाकाव्यात तशी.
दस्तगीर म्हणाला, उस्ताद, ही श्वास कुठनं घेती?
म्हटलं, हिला लागत नाही.
"मग जगती कशी?" म्हणाला
आणि डबा सोडून जेवायला बसला.

दाराला मूठ नाही. पोरगं जवळ गेलं
तशी आतनं बाहेर आली,
उधारी फेडायला निघालेल्या हातासारखी,
सावकाश, अर्धी.
मला नाही पटलं.
कुठनं शिरायचं हे दारानं आधीच सांगावं.

पण पाठ.
पाठीवरनं मात्र हात फिरवला, दोनदा.
छपरापासनं डिकीपर्यंत एकच उतार,
काहिलीतनं वाफ्यात गूळ ओतताना
जी लांब धार पडती आणि तुटत नाही, तसा.
ज्यानं काढला त्याचा हात माझ्यापेक्षा सरस, कबूल.
मागं बसणाऱ्याचं डोकं छताला टेकतं, तेही कबूल.
लग्नाला निघालं तर फेटा मांडीवर घ्यावा लागंल.

त्या उताराखाली, डाव्या दोन्ही दारांवर,
हातभर ओरखडा.
"म्हशीनं," पोरगं म्हणालं, आणि मोबाइलकडं बघत राहिलं.
घाटावरनं म्हशी परतत होत्या.
शिंगं रंगवलेली, मोरपिसं, गळ्यात कवड्या,
पुढं सायलेन्सर काढलेली फटफटी
आणि तिच्या आवाजामागं जीव टाकून पळणारी
येसबा गवळ्याची मैना.
तिला दोनच गोष्टी कळतात,
येसबाचा हात आणि येसबाची फटफटी.
ही राखाडी, मुकी, कधी शेजारी आली
तिला कळलंच नाही.
तिनं मान फिरवली. एवढंच.

बॉनेट उघड म्हटलं. दाराशी त्याचा काही संबंध नव्हता,
सवय.
माझा बाप शिरोलीला फौंड्रीत
इंजिनाच्या ब्लॉकचे साचे भरायचा,
रात्री नाक शिंकरलं तर काळी वाळू.
आत बघितलं तर इंजिनाच्या जागी खोका,
मऊ अस्तराचा, रिकामा,
रिकामा म्हणजे, एक चपलांचा जोड होता.
चांगला कोल्हापुरी, विंचू घातलेला.
"लई करकरतो," पोरगं म्हणालं, "गाडीत नको वाटतं."

मी काही बोललो नाही.
आमच्याकडं चपलेतसुद्धा आवाज शिवून देतात,
माणूस येतोय हे माणसाच्या आधी पोचावं म्हणून.
हे त्याला कशाला सांगू? गिऱ्हाईक आहे.

कंपनी म्हणती दारं बदला, आठ आठवडे.
मी म्हटलं चार दिवस.
पहिल्या रात्री शटर ओढून
बॅटरीच्या उजेडात ती रेघ बघत बसलो.
खरं सांगायचं तर रेघ चांगली होती.
कंपनीची रेघ मागच्या चाकाशी कंटाळून खाली जाती,
हिची शेवटाला वर वळलेली,
एका दमात, पुसून दुसऱ्यांदा न काढलेली.
मग घासली. पुट्टी, प्रायमर, तीन कोट.
राखाडी जुळवायलाच दीड दिवस गेला,
उन्हात निळी मारायची, सावलीत जांभळी,
हा रंग नव्हे, पुढाऱ्याचं उत्तर.

पाचव्या दिवशी घेऊन गेला. दारावर बोट फिरवलं,
कुठं होतं ते सापडलं नाही त्याला.
मला सापडतं.
गाडी निघाली, म्हणजे दिसायची थांबली.
चहाच्या टपरीजवळ वळणावर
लंगडं कुत्रं झोपलं होतं भर रस्त्यात, कान पाडून.
हातातला पॉलिशचा बोळा टाकून
मी पळत सुटलो गल्लीभर ओरडत:
हॉर्न मार, ए, हॉर्न मार की!