थंड इंजिन

फोनवर दोनदा सांगितलं होतं,
मी येईपर्यंत सुरू करू नका.
तरी खडकीला पोचून इंजिनवर हात ठेवला तर
कोमट.
दूध काढून घेतलेल्या पातेल्यासारखं,
चटका नाही, पण लपतही नाही.

मुदलियारकाका युनूसभाईंशी बोलत होते.
गाडी मला घ्यायची, किंमत त्यांना सांगत होते.
युनूसभाईंनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं,
"मी पाना धरायला आलोय. बोलायचं ते मॅडमशी."

मग मी खाली बसले, फरशीवर, मांडी घालून.
अठरा वर्षांची गाडी उभ्यानं कळत नाही.
चेन मागच्या दातांवरून ओढून पाहिली.
फोर्क दाबले, वर येताना तेलाची रेघ ओढतात का.
पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं
आणि मधोमध एक खाच लागली,
पुस्तकात दुमडलेल्या पानाशी बोट अडावं तशी.
"कोनसेट गेलाय."
काका पहिल्यांदा माझ्याकडे वळले.

टाकीचा रंग नवा. नव्या रंगाला मी भिते.
टॉर्च मारली, आत तळ स्वच्छ.
पेट्यांवर स्टिकर, धनुष्कोडी, काझा,
ते कुणालाही चिकटवता येतात.
मीटर म्हणत होतं एक्केचाळीस हजार.
पण गुळगुळीत झालेला ब्रेकचा पायटा,
फूटरेस्टचं चेपलेलं रबर,
डिस्कच्या कडेला नखात अडकणारी धार,
हे सगळे वेगळीच साक्ष देत होते.

"एक्केचाळीसच?"

काका आत गेले. स्टीलचा डबा घेऊन आले,
मुरुक्कूचा वास अजून होता त्याला.
आत कापडात गुंडाळलेलं जुनं मीटर,
सत्त्याहत्तर हजार सहाशेवर थांबलेलं.
"रोहतांग उतरताना मेलं. बेरीज तुम्ही करा."

सोबत डायरी. अक्षरं तमिळ, मला अडाणी ठेवणारी,
आकडे मात्र सगळ्यांचे.
दर तीन हजारांना ऑइल, दर बाराला टॅपेट,
अॅम्युनिशन फॅक्टरीत आयुष्य काढलेल्या माणसाची शिस्त.
आणि मध्येच दोन वर्षं कोरी.
"हे?"
"तेव्हा मुलाकडे होती, हिंजवडीला.
त्याला लिहायची सवय नाही."
युनूसभाई माझ्या कानाशी वाकले,
"त्या दोन वर्षांचे पैसे कमी करा."

राहता राहिला तो कोमटपणा.
"सकाळी सुरू केली होती?"
"रोज करतो. सातला, पाच मिनिटं. विसरलो."
खरं असेल.
फसवणारा माणूसही नेमकं हेच म्हणतो,
याच आवाजात, असंच खाली बघत.

म्हणून म्हणाले, उद्या पहाटे साडेपाचला येते.
आज संध्याकाळपासून हात लावू नका.
इंजिनखाली त्या दिवसाचा पेपर पसरला,
छोट्या जाहिरातींचं पान वर,
चार कोपऱ्यांवर चार खडे.
काका बघत राहिले. वाईट वाटलं असावं.
मलाही वाटलं, पण पैसे माझे होते,
आणि घाटात रात्री बंद पडणारी असेल
तर ती गाडीही माझीच.

पहाटे होळकर पुलावर बोटं आखडली.
काका स्वेटर घालून पायरीवर, किल्ली हातात,
गाडीपासून चांगले चार हात लांब.
इंजिनवर हात ठेवला. गार. दवसुद्धा.
चोक ओढला.
पहिल्यांदा नुसती कुरकुर.
दुसऱ्यांदा तेच, आणि काकांचा श्वास मला ऐकू आला.
तिसऱ्यांदा खोकली, धरलं तिनं,
टॅपेट जरा टिकटिकले, मग गप्प.
धूर पांढरा. निळ्याची वाट पाहिली, आला नाही.

मग वाकून कागद ओढला.
एका कोपऱ्यात, कुणाच्या तरी "त्वरित विकणे आहे" वर,
तेलाचा एक थेंब, जुन्या आठ आण्याएवढा.
काका ओशाळले, फडकं शोधू लागले.

"असू द्या," मी म्हणाले.
कागद कोरडा निघाला असता
तर मी आधी त्याची तारीख पाहिली असती.