वेंगुर्ल्यापर्यंत

गोठ्यातून बाहेर काढली तेव्हा
सीटच्या खळग्यात कोंबडीनं अंडं घातलेलं.
शालन म्हणाली, शकुन झाला बघा.
अंडं तिनं पदरात घेतलं,
गाडीला हात लावला नाही.

एकोणीस वर्षं.
समुद्र हाकेवर असला की लोखंडाला वेगळा शत्रू लागत नाही.
स्पोकांवर तांबेरा, साखळी सुकटीसारखी कडक,
आणि मडगार्डला एवढं भोक
की त्यातून पालशेतची अख्खी खाडी दिसावी.
शृंगारतळीचा शफी चौगुले दोनदा भोवती फिरला,
गाभण म्हशीभोवती डॉक्टर फिरतो तसा.
"इंजिन जाम नाय, काका.
तुमचे गुडघे काय म्हणतात?"

गुडघ्यांना घेऊन रोज पहाटे सड्यावर जातो.
गवत पिवळं पडलंय, कातळ गार.
येझदीला एकच दांडी:
आत दाबून उभी केली की किक, पाडली की गिअर.
डोकं हे विसरलं होतं. पाय नाही.
काल बाराव्या किकला ती बोलली,
टिटव्या शिव्या देत उठल्या,
निळ्या धुराचा तो वास आला
आणि मी न्यूट्रलमध्येच किती वेळ बसून राहिलो.
उजवी वळणं जमतात.
डाव्या वळणाला खांदा अजून आखडतो.

हेदवीचा उतार. मे महिना.
वळणावर कुणाच्या तरी डंपरमधून सांडलेली वाळू,
मागे शालन, तिच्या मांडीवर फणस.
फणस शाबूत राहिला.
मनगट दोन ठिकाणी.
गरे आम्ही दवाखान्याच्या पायरीवर खाल्ले,
ती डाव्या हातानं, एक शब्द न बोलता.
त्या आठवड्यात मागचे फूटरेस्ट उतरवून मी भंगारात घातले.
अजून तिची भाकरी एका बाजूला जाड होते.
ती बाजू मी आधी खातो.

नोकरी चिपळूणच्या आरएमएसमध्ये, एकतीस वर्षं.
लाकडी खणांवर खडूनं लिहिलेली नावं:
आडिवरे, जैतापूर, विजयदुर्ग, मिठबाव, आचरे.
डोळे मिटून टपाल टाकायचो, चूक व्हायची नाही.
गावं मात्र एकही पाहिलं नाही.
आता तीच नावं कॅलेंडरच्या पाठीवर उतरवलीत,
समोर किलोमीटर,
तवसाळच्या फेरीबोटीची वेळ,
आणि दोन ठिकाणी नुसतंच 'चहा'.

पंपावरचा पोरगा विचारतो,
पेट्रोलात तेल कशाला, काका?
घाल, म्हटलं, तिला लागतं.
त्यानं मोबाईलवर फोटो काढला. गाडीचा की माझा, कळलं नाही.

पिशवीत क्लचची वायर, दोन प्लग, पॉलिश पेपर,
बीपीच्या गोळ्या, आमसुलं.
शालननं पिशवी सोडली, परत भरली.
गोळ्या वर आल्या, प्लग खाली गेले.
मग दिवा मालवता मालवता म्हणाली,
"मी एसटीनं येत्ये.
चौकशी केली स्टँडवर. वेंगुर्ल्याला तुमच्या आधी पोचेन."
मी म्हटलं, बरं.
बऱ्याच वेळानं, झोपली असेल असं वाटलं तेव्हा,
"तिथून शिरोडा किती लांब?"

सकाळी शफीकडे गेलो.
गाडी स्टँडवर, चाकं तेल पिऊन चकचकीत.
मागे दोन फूटरेस्ट.
काळा रंग अजून ओला, बोटाला लागला.
मी काही विचारलं नाही, तोही ग्रीसचे हात पुसत राहिला.
उगाच साखळी वरखाली करून बघितली,
म्हटलं, सैल वाटते रे.
"राहू दे, काका.
मागं माणूस बसला की ताणते."