इतिवृत्त, रुवी

पार्किंगमध्ये अकरा खुर्च्या,
बाकीचे बॉनेटला टेकून.
विषय एक: चौथ्या मजल्यावरचा धूर.
कुणाची तरी इस्त्री.
आगीच्या जिन्यात खांबेट्यांची सायकल,
सुदानी डॉक्टरांचे खोके
आणि, कबूल करते, माझी माठाची तिवई.
आजच हलवायचं. ठरलं.

विषय दोन: रात्री कुणी कुणाला उठवायचं?
यादी केली, फ्लॅटवार, फोनसकट.
वर्गीसनं विचारलं, आणि शम्सुलला?

शम्सुल चहा देत होता.
जिन्याखाली त्याची खोली,
ना खिडकी, ना नंबर.
त्या रात्री सगळी दारं
त्यानंच तर बडवली होती.

रकाना आखला.
फ्लॅट क्रमांकाशी पेन अडलं.
“जिना लिहा, भाभी,” तो म्हणाला
आणि कप गोळा करायला लागला.

विषय तीन, लिफ्ट, राहिला.