सदतीस अंश, सातपूर

मी हिशेबनीस. कविता हे माझं खातं नाही.
पण मार्चअखेर खतावणी मिटताना
काही रकमा कुठल्याच सदरात बसेनात,
त्या इथे उतरवून ठेवते.

शेड जुनी. आधी इथे पितळी व्हॉल्व बनायचे.
ताबा मिळाला तेव्हा फरशीच्या सांध्यांत
पिवळा कीस अजून चमकत होता
आणि भिंतीवर खडूनं लिहिलेलं: उधारी बंद.
डॉक्टर निकुंभ म्हणाल्या, हे पुसायचं नाही.
दारावर नवी पाटी लागली,
रक्तवाहिनी संशोधन केंद्र.
रिक्षावाले अजून व्हॉल्व कंपनीच म्हणतात.

तीन वर्षं अनुदान होतं.
चौथ्या वर्षी पत्र आलं, फार सभ्य भाषेतलं.
बाईंनी त्याची घडी केली, आणखी एक घडी केली,
सूक्ष्मदर्शकाच्या डुगडुगत्या टेबलाखाली सरकवली.
टेबल हलायचं थांबलं.

सकाळी साडेसातला शाहीन सिस्टर येते,
स्कूटरवर पायांमध्ये बर्फाची पेटी.
पेटीत नाळ,
रात्री सिव्हिलमध्ये जन्मलेल्या कुणाची तरी,
सोबत आईच्या सहीचा, कधी अंगठ्याचा कागद.
गावाकडे आम्ही ती परसात पुरायचो.
इथे तिच्या शिरेत कोमट द्रव सोडतात
आणि आतलं अस्तर हळूच सोडवून घेतात.
एका पेशीइतकं पातळ.
तेवढ्यावरच जन्मभर रक्त न गोठता वाहतं, म्हणे.

मी आवक वहीत लिहिते:
नाळ, एक नग. दर, शून्य.
पहिल्या दिवशी त्या शून्यावर पेन अडलं होतं.
अजूनही अडतं, पण कमी.

लेथवर दौलतमामा खैरनार.
व्हॉल्व कंपनी गेली, हे मशीनसोबत राहिले.
साखरेनं डाव्या पायाची दोन बोटं नेली,
तेव्हापासून सँडल, थंडीतही.
बाईंनी त्यांना पडद्यावर दाखवलं
रक्त कसं ठोक्याठोक्यानं पुढे जातं,
वळणावर भिंतीला कसं घासतं.
मामा म्हणाले, "म्हणजे ड्रिपचंच झालं की.
शेवटच्या वेलीला प्रेशर पोचत नाही."
नवव्या दिवशी पंप तयार,
मिनिटाला बहात्तर ठोके,
आवाज थेट शिवणयंत्राचा.

आता तो पंप पुणं घेतं, हैदराबाद घेतं.
आमच्या पेशी गोठवलेल्या कुप्यांतून
रात्रीच्या गाडीनं जातात.
त्यावर वीजबिल, वायूची टाकी,
दोन मुलींचं विद्यावेतन आणि चहा.
चहा मी वेगळा दाखवते.
ऑगस्टात बुरशीनं सगळी बॅच गेली,
तो महिना पगार निम्मे. कुणी सोडून गेलं नाही.
म्हणजे एक गेला. त्याचं लग्न होतं.

जानेवारीत निफाडला पारा साडेतीनवर आला
त्या रात्री फीडर पडला.
छपरावर साठवलेलं दिवसाचं ऊन
पहाटे चारपर्यंत पुरणार होतं.
आम्ही पंखा नाही, दिवा नाही, हीटर नाही,
सगळं त्या एका पेटीला दिलं.
अंधारात तिचे तांबडे आकडे: सदतीस. सदतीस.
मी घोंगडी पांघरून आकड्यांकडे बघत बसले.
हिशेबात इतकी वर्षं गेली,
न बदलणाऱ्या आकड्याचं एवढं सुख कधी झालं नव्हतं.

चारला दहा कमी असताना वीज आली.
सकाळी बाईंनी सगळ्यांना बोलावलं.
विखुरलेल्या पेशींनी रातोरात
एकमेकींचे हात धरले होते,
जाळं विणलं होतं,
आणि बशीच्या कोपऱ्यात
श्वास कोंडलेल्या ऊतीचा जो ठिपका ठेवला होता
त्याच्याकडे एक बारीक फांदी निघाली होती.
"भुकेल्या जागेतून हाक जाते," बाई म्हणाल्या,
"मग शीर तिकडे फुटते."

मामा बराच वेळ भिंगावर डोळा लावून उभे.
"ही माझ्या बोटांपर्यंत आली असती का?"
बाई खोटं बोलत नाहीत.
"नाही. अजून नाही."
मामांनी मान हलवली, पंपाला कान लावला.
"याचा वॉशर गेलाय," म्हणाले, "आवाज ऐका."

वॉशर, एक नग. बारा रुपये.
वर्षाची शिल्लक, अकरा हजार चारशे सहा.
आमची. कुणी दिलेली नाही.
आणि आवक वहीत, दोनशे एकोणीस वेळा,
माझ्याच अक्षरात, शून्य.