दोनशे मीटर

गुरुवारी डेपोला माझी सुट्टी असते
आणि सारंगखेड्याच्या पुलाजवळ झिपरूआबाची कायमचीच.
गेटं टाकलेली. तापी अडून अशी फुगलेली
की पलीकडचं केळीचं रान म्हणजे नुसती एक हिरवी रेघ.
जत्रा उठून पंधरा दिवस झाले,
काठावर अजून लीद, मांडवाच्या दोऱ्या,
आणि एक नाल. तो आबानं उचलला,
खिशात टाकला. म्हणे, जाळ्याले वजन.

आबाची काठी बांबूची, त्याच्याच वयाची वाटते.
तरंगायला मोरपिसाचा देठ,
गळाला कणकेची गोळी, हिंग लावून.
हिंग किती, हे अठरा वर्षांत
त्यानं मला सांगितलेलं नाही.

आज नातू आलाय, भावडू, उधन्याच्या लूमवरून.
डोळ्यांत रात्रपाळी, पायात पांढरे बूट,
खांद्यावर समुद्रावरची काठी,
तीन तुकड्यांची, काळी, चाकवाली.
डुमसला एकानं अर्ध्या भावात दिली.
त्यानं ती मागे नेली, झटकली,
चाकातून दोर सर्रकन असा गेला
की पाणकोंबड्या उठल्या आणि पुन्हा बसल्या.
शिसं कुठे पडलं, आबाला दिसलंच नाही.

"कितला से दोर?"
"दोनशे मीटर."
"आन् सुरत?"
"नंदुरबारहून गाडीनं तीन तास."
"गाडीनं नको. पाणीवरतून सांग."
मी बोटांवर मोजायला गेलो,
उकाई, काकरापार, मग
बोटं तशीच उघडी राहिली.

मग कुणी काही बोललं नाही बराच वेळ.
भाकर झाली, ठेचा झाला,
भावडूनं बूट काढून पाय पाण्यात सोडले.
पलीकडे एक माणूस न विकलेल्या घोड्याला धुत होता,
शांतपणे, जसा विकायचाच नव्हता.
ऊन पाठीवर होतं. जानेवारीचं. हलायची गरज नव्हती.

"समिंदर खारा ऱ्हास ना?"
"हो आबा."
"मंग मासा पेस काय?"
भावडू हसला.
मग हसायचा थांबला.
माझ्याकडे पाहिलं त्यानं, मी घोड्याकडे.

तेवढ्यात काळी काठी वाकली.
वाकली ती वाकलीच.
"आबा, तूच धर!"
आबा चाक उलटं फिरवत होता,
भावडू त्याच्या हातावर हात ठेवून सुलटं,
मी दोघांना मागून धरलेलं, कारण दगडावर शेवाळ.
"जड से," आबा दात आवळून म्हणाला,
"समिंदरच लागना व्हई!"
आणि आम्ही तिघं असे हसलो
की दोर ढिला पडला, पुन्हा ताणला.

आलं ते हिरव्या काठाचं लुगडं.
गाठीत नारळ, सहा बांगड्या, हळकुंड,
मूठभर तांदूळ फुगून आलेले.
कुणीतरी नदीची भरलेली ओटी.

आबानं गळ काढला. किती वेळ लागला!
एक धागा उसवू दिला नाही.
मग गुडघाभर पाण्यात जाऊन
दोन्ही हातांनी ती परत ठेवली,
आणि येताना धोतर पिळत म्हणाला,
"इतला मोठा मासा मी कधी सोडेल नही."

इकडे मोरपीस केव्हाचं बुडून वर आलेलं.
गोळी गायब. गळ घासून ठेवल्यासारखा.
आबानं तो उन्हात धरून पाहिला
आणि मासा कोणता असेल ते सांगितलं,
वजनासकट.

सहाच्या गाडीला भावडूला सोडायला चढावरून निघालो.
काठीचे तीन तुकडे पिशवीत, बूट हातात.
आबानं त्याला जवळ ओढलं,
कानात काहीतरी सांगायला लागला.
मी मुद्दाम मागे राहिलो, मुद्दामच पुढे आलो.
मला "चिमटी" एवढंच ऐकू आलं,
आणि शेवटी, मोठ्यानं:
"डुमसले लाई देख.
खारा मासाले बी नाक ऱ्हास."